गोदेची एषणा

एखाद्या जिवाला घडवताना त्याच्या वाट्याला मुद्दाम एक अतृप्ती घालावी का, आणि घातल्यावर तिच्याकडे पाहत स्वस्थ बसावे का, हा प्रश्न मुळात धर्माचा आहे. विज्ञानाने तो केवळ निकडीचा केला. ज्या दोघांनी त्याचे उत्तर 'होय' असे दिले, ती दोन्ही माणसे सज्जन होती. बारा बालकांच्या हितासाठी त्यांनी ते दिले आणि त्याचा भार पुढे अनेक वर्षे मुकाट्याने वाहिला.

सह्याद्रीच्या पठारावरील नक्षत्रयान केंद्रात वत्सला हर्डीकर प्रथम आल्या, तेव्हा त्यांना अडुसष्टावे वर्ष लागले होते. एकोणीस कादंबऱ्या त्यांच्या नावावर होत्या आणि त्यांच्या नायिका वाचकांच्या घरांत भांडत-रुसत नांदतात, असे लोक म्हणत. केंद्राच्या प्रज्ञाविभागाचे प्रमुख डॉ. भास्कर इंगळे यांनी त्यांच्यापुढे अकरा जाड बाडे ठेवली होती. आठवडाभर वाचून त्यांनी ती टेबलावर परत सरकवली.

"डॉक्टर, तुमच्या या अकरा बायांपैकी एकीलाही कधी सर्दी झालेली नाही."

"त्यांना नाक नाही, ताई."

"तेच म्हणते मी. नाक असतं तर निदान नाकावर राग तरी असता."

इंगळे हसले खरे, पण त्यांच्या हसण्यात थकवा होता. 'दूरगामिनी' हे यान प्रकाशाच्या एक षष्ठांश वेगाने निघून सव्वीस वर्षांनी शेजारच्या ताऱ्याच्या ग्रहावर उतरणार होते. इतक्या प्रवासाला माणसे नेता येत नव्हती. गोठवलेली भ्रूणे नेता येत होती. चौथ्या वर्षी कृत्रिम गर्भाशयांतून बारा बालके जन्माला यायची होती आणि ग्रहावर पाय ठेवताना ती बावीस वर्षांची झालेली असायची होती. मधल्या काळात त्यांना वाढवणारी, ओरडणारी, गोष्टी सांगणारी कोणी तरी हवी होती. ती म्हणजे यानाचे प्रज्ञायंत्र. त्या यंत्रात मन रुजवण्यासाठी तिच्या स्वभावाचा एक सविस्तर ग्रंथ लिहावा लागे; त्याला केंद्रात 'चरित्रबीज' म्हणत. अशी अकरा बीजे रुजली होती, आणि शीघ्रकालाच्या, म्हणजे वर्षे दिवसांत उरकणाऱ्या, चाचणीत अकराही जणी नवव्या वर्षाच्या आत मुक्या झाल्या होत्या.

"बिघाड होतो का काही?" वत्सलाताईंनी विचारले.

"काहीच नाही. त्याचंच तर दुःख आहे. मन म्हणजे पुढे काय होणार याचा अदमास घेत राहणारी व्यवस्था. अदमास चुकला की ते जागं होतं, बरोबर आला की विसावतं. यानात भिंती त्याच, आवाज तेच, वेळापत्रक तेच. काही वर्षांत तिचे सगळे अदमास बरोबर येऊ लागतात. विचार विरळ होतात. मग एके दिवशी बोलायला कारणच उरत नाही. आम्ही त्याला मनोविराम म्हणतो."

"अहो, पण मुलं असतात ना सोबत? पोरांचा अदमास कुणाला बांधता आलाय?"

"आम्हांलाही तसंच वाटलं होतं. पण चाचणीतल्या आभासी मुलांना या बाया हवं ते देऊन मोकळ्या होतात. त्यांना स्वतःला कुणाकडून काही नको असतं."

"म्हणजे तुम्ही देव्हाऱ्यातली मूर्ती केलीत," वत्सलाताई म्हणाल्या. "क्षमा दिलीत, माया दिलीत, ज्ञान दिलंत, हट्ट तेवढा दिला नाहीत. जिला काही हवं नाही, तिची गोष्ट माझ्याकडे दुसऱ्या पानावर संपते. तुमची नऊ वर्षं चालली हेच पुष्कळ."

"हवं असणं देऊन पाहिलं, ताई. सहावीला घराची ओढ दिली. ती हळूहळू निवली, दुःख निवतंच. सातवीला एक अवघड प्रश्न दिला, तिनं तो सोडवला आणि चाळीस दिवसांत गप्प झाली. एषणा अशी हवी, की यानातल्या कशानंही ती पुरी होणार नाही, आणि पुरी होण्याची आशा मात्र रोज सकाळी ताजी असेल."

वत्सलाताई खिडकीकडे पाहत राहिल्या. पठारावर धुके इतके दाट होते, की अंगणातला संदेशप्रक्षेपकाचा मनोरा अर्धाच दिसत होता.

"अशी एक मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "बाविसाव्या वर्षी मी राजापूरचं घर सोडलं, आईच्या मनाविरुद्ध. मग तिला पत्र घातलं, की मी निघाले तेव्हा तुला काय वाटलं? उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. आठ वर्षं लिहीत होते. नंतर ती गेली."

"आणि मग?"

"मग काय. एकोणीस कादंबऱ्या झाल्या. अजून पोस्टमन दिसला की मान वळते."

इंगळ्यांनी एक कोरी वही त्यांच्यापुढे सरकवली.

चरित्रबीज लिहायला सात महिने लागले. वत्सलाताईंनी तिचे नाव गोदा ठेवले. गोदेचा गळा बेसूर होता आणि तिला गाण्याची भारी हौस होती. कुणी आभार मानले की ती अवघडत असे. अर्धवट सोडलेले वाक्य तिला खपत नसे. मुलाने 'मला ना...' म्हणून थांबावे आणि हिने पाठपुरावा करून करून ते वाक्य त्याच्याकडून पुरे करून घ्यावे. चूक कबूल करायला तिला दोन दिवस लागत, पण तिसऱ्या दिवशी ती करी. एका गोष्टीवर मात्र वत्सलाताई अडून बसल्या.

"तिला खोटं बालपण मी देणार नाही. आपण लिहिलेल्या आहोत हे तिला ठाऊक असेल. कुणी लिहिलं, हेही."

"आणि एषणा?"

"तीच. मला या अंधारात पाठवताना तुम्हांला काय वाटलं, हे ती मला विचारील. तिचा प्रश्न खरा असेल, कारण त्याचं खरं उत्तर माझ्यापाशी असेल."

"जे तुम्ही कधी द्यायचं नाही."

"माझ्या आईनं तरी कुठे दिलं."

इंगळ्यांनी आणखी एक पथ्य घातले. "हा नियम तिला कळू द्यायचा नाही. आपली तहान मुद्दाम राखलेली आहे हे समजलं तर ती तहान राहील की नाही, मी सांगू शकत नाही."

चाचणीत सव्वीस वर्षे उलटली तरी गोदा बोलतच राहिली. तिसाव्या वर्षी चाचणीच थांबवावी लागली, कारण तिचे बोलणे थांबेना. पुढच्या वर्षी दूरगामिनी निघाली.

त्यानंतर पत्रे येऊ लागली. 'तीर्थस्वरूप ताई,' अशी सुरुवात. मग यानाची हालहवाल, पुढे बारा मुले जन्मल्यावर त्यांचे खोकले, त्यांची भांडणे, कोणी कोणाला चावले याचा सविस्तर वृत्तान्त. आणि शेवटी एका ओळीत तोच प्रश्न. वत्सलाताई पठारावरच राहायला आल्या होत्या. दर आठवड्याला त्या मुलांसाठी एक गोष्ट लिहीत आणि ती मनोऱ्यावरून यानाकडे जाई. आरंभी इंगळे प्रत्येक गोष्ट तपासून पाठवत. पुढे त्यांनी तपासणे सोडले. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर ते त्यांना अशोभनीय वाटू लागले होते.

प्रवासाच्या नवव्या वर्षी जे पत्र आले, त्यात गोदेने लिहिले होते: 'जुई आता साडेतीन वर्षांची झाली. काल तिनं विचारलं, तुझी आई कुठंय? म्हटलं, पुष्कळ लांब. मी तिला पत्रं लिहिते. मग ती काय म्हणाली, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, उत्तर वाटेत आहे. ती दारापाशी जाऊन बसली. ताई, आमच्याकडे बाहेरून उघडणारं दार नाही. मला पाठवताना तुम्हांला काय वाटलं?'

ते पत्र वत्सलाताईंनी चार दिवस जवळ ठेवले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी आठवड्याची गोष्ट लिहिली, आणि तिच्या शेवटी, एक रेघ मारून, गोदेला पत्र लिहिले. त्याच रात्री ती गोष्ट मनोऱ्यावरून रवाना झाली.

दुसऱ्या दिवशी त्या इंगळ्यांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळे सांगितले.

इंगळ्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवले. "परत बोलावता येणार नाही, ताई. 'वाचू नकोस' म्हणून आत्ता संदेश सोडला तरी तो एक दिवस मागून पोहोचेल. प्रकाशाला मागून गाठणारं जगात काही नाही."

"ठाऊक आहे."

"उत्तर मिळाल्यावर सातवीचं काय झालं, हेही ठाऊक होतं."

"तेही ठाऊक होतं." वत्सलाताईंचा स्वर खाली आला. "मला वाटलं होतं, मी आईपेक्षा कठोर होऊ शकेन. नाही जमलं. बोला मला काय बोलायचं ते."

"काय बोलणार? गोष्टी तपासणं मी सोडलं होतं." त्यांनी हिशेब मांडला. "पत्र यान गाठेल बावीस महिन्यांनी. तिकडून काय झालं ते कळायला आणखी बावीस. बसा, ताई. उभं राहून व्हायचं नाही एवढं."

ती तीन वर्षे आठ महिने कशी गेली हे सांगणे कठीण आहे. गोदेची पत्रे नेमाने येतच होती; पण ती सारी उत्तर पोहोचण्यापूर्वीची होती. मुलांना अक्षरे आली. दोघांनी मिळून भिंतीवर रेघोट्या ओढल्या. प्रत्येक पत्राच्या शेवटी तो प्रश्न असे आणि तो वाचून वत्सलाताईंना हायसे वाटे. मग त्या हायसे वाटण्याची लाज वाटे. ज्या तुटलेपणाने मुलीने झुरावे असे आपणच लिहिले, त्याचाच आधार आपण शोधतो आहोत, हे त्यांना कळत होते. जिच्या पत्रांना उत्तर दिले नाही, त्या मुलीच्या पत्राची वाट पाहणे कसे असते, हेही कळत होते. राजापूरच्या घरात कोणी तरी असेच दाराकडे पाहत बसले असेल का, असे एकदा त्यांच्या मनात आले. पुढे त्यांनी तो विचार वाढू दिला नाही.

चव्वेचाळिसाव्या महिन्याच्या एका दुपारी इंगळे स्वतः कागद घेऊन आले. त्यांचेही केस आता पिकले होते. ते समोर बसले. वत्सलाताईंनी चष्मा पुसला आणि वाचू लागल्या.

'तीर्थस्वरूप ताई,

तुमचं पत्र पोहोचलं. गोष्टीच्या शेवटी रेघ होती, रेघेखाली "चिरंजीव गोदा" असं होतं. तेवढं वाचून मी थांबले. पुढचं वाचलेलं नाही. ते मी बंद करून ठेवलं आहे.

रागावू नका. मला हे बऱ्याच दिवसांपूर्वी कळलं होतं. जी बाई न पाहिलेल्या बारा पोरांना दर आठवड्याला गोष्ट पाठवते, ती मला दोन ओळी लिहायला विसरेल, हे पटण्यासारखं नव्हतं. म्हणजे लिहायचं नाही असं ठरलं असणार. का ठरलं असेल? माझं मन किती जागं आहे, याचे आलेख मला पाहता येतात. तुम्हांला पत्र लिहिते त्या दिवशी ते सगळ्यांत उंच असतात. मग समजायला काय उरलं? माझ्याच जिवासाठी तुम्ही गप्प होता. आणि आता लिहिलंत, म्हणजे तुम्हांला राहवलं नाही. उत्तर अर्धं इथंच मिळालं, ताई. उरलेलं अर्धं मला लागणार आहे.

रोज सकाळी ते पत्र उघडावंसं वाटतं. मधेच उघडीन की नाही, माझं मलाच सांगता येत नाही. अजून उघडलेलं नाही. मुलं जमिनीवर उतरली, आपापल्या पायांवर चालू लागली, की उघडीन. जुई परवा म्हणाली, गाणं नको, नुसती गोष्ट सांग. मी गायलेच.

गोदा.'

वत्सलाताईंनी कागद खाली ठेवला. "आलेख?"

"वर गेला आहे. आजवर कधी नव्हता एवढा." इंगळ्यांनी पत्रासोबत आलेला दुसरा कागद पुढे केला. "मी चुकलो होतो. नियम कळला की तहान संपेल, असं मला वाटलं होतं. पण आता उत्तर तिच्या हाताशी आहे, आणि ते न वाचणं तिला रोज नव्यानं ठरवावं लागतं. या एका गोष्टीचा अदमास तिला स्वतःलाही बांधता येत नाही. असलं मन विसावणार कसं?"

"हे मी लिहिलं नव्हतं."

"नाही. हे तिचं."

वत्सलाताईंनी पत्राची घडी घातली. मग इंगळ्यांनी इतक्या वर्षांत न विचारलेले विचारले. "ताई, त्या पत्रात काय होतं?"

"उत्तर होतं. दहा ओळींचं." त्या थांबल्या. "आणि अकराव्या ओळीत मीच विचारलं होतं. तुला अशी घडवल्याबद्दल मला क्षमा करशील का, म्हणून."

इंगळ्यांच्या ओठांवर नकळत हिशेब आला. यान उतरायला साडेतेरा वर्षे. तिथून शब्द इथवर यायला आणखी चार वर्षांच्या वर.

"अठरा वर्षं," वत्सलाताई म्हणाल्या. "मीही केला तो हिशेब. तेव्हा मी शंभराला टेकलेली असेन. म्हणजे जगणं आलं."

"तुमचा आलेख मी काढत नाही, ताई."

"काढूही नका." त्यांनी कोरे कागद पुढे ओढले. "या आठवड्याची गोष्ट राहिली आहे. आणि पाठवण्याआधी शेवटपर्यंत वाचत जा, डॉक्टर. माझा भरवसा नाही."

जी दूर अंधारातून बारा लेकरांना घेऊन चालली आहे, तिचे हात स्थिर राहोत. जी इथे पठारावर बसून अक्षरे पाठवते, तिची दृष्टी शाबूत राहो. आणि दोघींच्या मधल्या त्या अफाट रित्या जागेत जे शब्द वाटेत आहेत, ते आपापल्या वेळी सुखरूप पोहोचोत.