बुडून राह्यलो

अंजनाबाईंनी आपला मोबाइल आधी पदरानं पुसला, मग जुन्या कापडात गुंडाळला आणि सुनेच्या डोळ्यांदेखत ज्वारीच्या पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तो तळाशी पुरला...! वरून झाकण दाबलं, झाकणावर वरवंटा ठेवला, आणि कंप पावणाऱ्या स्वरात त्या म्हणाल्या, "माह्या लेकाले माह्या आवाजाचा तरास होते ना? मंग आजपासून हा आवाज बंद."

परातीपाशी बसलेल्या खुशबूनं हळूच विचारलं, की आई, आधी दोन भाकरींपुरतं पीठ तरी काढून घ्यायचं होतं. पण त्यागाच्या त्या उदात्त क्षणी भाकरीचा विचार कोण करतो! त्या दिवशी गडचांदूरच्या त्या घरात सकाळ-संध्याकाळ भातच शिजला.

झालं होतं असं, की अंजनाबाईंचा एकुलता एक राजदीप मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. पूर्वी जहाज बंदराला लागलं की त्याचा फोन यायचा, आणि तोवर त्या मातेचं हृदय गुमान वाट पाहायचं. मग जहाजावर इंटरनेट आलं, आणि त्या हृदयाला जे पंख फुटले ते काही मिटेनात! सकाळी गुलाबाच्या फोटोसकट जयभीम, दुपारी वांग्याच्या भाजीचा फोटो, मध्येच भाजीवाल्यानं सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट दिला नाही ही तक्रार, आणि निळ्या टिका दिसूनही उत्तर आलं नाही तर लगेच विचारणा, "पाहून राह्यला, अन् बोलत काऊन नाई?" लेक बिचारा समुद्राच्या मध्यावरून सांबाराबद्दल हळहळ कळवायचा.

अशात एका दुपारी त्याचा आवाजी मेसेज आला. "आई, मी इथी बुडून राह्यलो..." आणि तिथंच नेट तुटलं.

अंजनाबाईंच्या हातातली भांडी खाली पडली. सारी गल्ली गोळा झाली. मोबाइल दुरुस्तीवाल्या फारूकभाईंनी जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावून हिंदीत सांगितलं, की तुमचा माणूस पाण्यात आहे. ऑफिसनं कॅप्टनला हलवलं, आणि कॅप्टननं काय करावं? कामावरून येऊन नुकत्याच डोळा लागलेल्या राजदीपला उठवून सगळ्या खलाशांसमोर उभं केलं, कोरडा आहे की ओला ते पाहायला!

त्यानंतर गल्ली पोट धरधरून हसली. फारूकभाई म्हणाले, अवो बाई, कामात बुडून राह्यलो म्हणाला असन तो, तुम्ही तर समुद्रातच घातलं त्याले. ऑफिसनं मात्र खुशबूला बजावलं, की घरच्यांनी ऊठसूट फोन करू नयेत. खुशबूनं ते जमेल तेवढं मऊ करून सासूला सांगितलं, आणि अंजनाबाईंनी ते लेकाचंच मागणं समजून काळजावर कोरून घेतलं... मग डबा, मग पीठ, मग वरवंटा.

सुरुवातीला डब्यात फोन वाजायचा. पीठ थरथरायचं, आणि अंजनाबाई डब्यासमोर मांडी घालून अश्रू ढाळायच्या. मग बॅटरी संपली. राजदीप खुशबूच्या फोनवर आईला मागायचा, तेव्हा अंजनाबाई समोर उभ्या राहून हातानं खूण करायच्या, की घरात नाई म्हण. आई रुसली असं लेकाला वाटलं, लेकाला आपण नकोशा झालो असं आईला वाटलं, आणि मधल्यामध्ये सून खोटं बोलून बोलून थकली.

पुढे राजदीप सुट्टीवर आला, तो अर्धा होऊन. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. पहिल्याच सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि तो झोपेतच ताडकन उठला, दाराशी धावला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. घरातला पंखा बंद पडला. दुपारी फ्रिजचं दार उघडं राहून टुकटुक वाजलं, तर त्यानं टीव्हीचा रिमोट दाबला. खुशबूनं सांगितलं, की जहाजावर त्याच्या खोलीतच इंजिनाचा भोंगा बसवला आहे, तो वाजला की उठायचं, बटण दाबायचं आणि खाली पळायचं. त्यात ऑफिसचे मेसेज, आणि झोप आली तरी कान जागेच.

"अन् मी त्याले सांबाराचं विचारत होती," अंजनाबाई पुटपुटल्या. त्यांचं मातृहृदय विदीर्ण झालं...

लगेच दुसरा त्याग सुरू झाला. कुकर माळ्यावर गेला. दारावरच्या घंटीची तार निघाली. भोंगा लावून फिरणाऱ्या भंगारवाल्याला त्यांनी हात जोडून परत पाठवलं. एवढं करून घरात एकच आवाज उरला होता, त्यांचा स्वतःचा, म्हणून तोही त्यांनी गिळला आणि चहा पाहिजे का हेसुद्धा खुणेनं विचारू लागल्या.

शेवटी अंगणात तूर निवडत बसलेल्या आईसमोर राजदीप येऊन बसला. "आई, तू माह्याशी बोलत काऊन नाई?"

अंजनाबाईंनी आभाळाकडे, कानाकडे आणि मग स्वयंपाकघरातल्या डब्याकडे बोट दाखवलं. राजदीपला काही उमगलं नाही, तेव्हा नाइलाजानं तोंड उघडलं. "तुले माह्या फोनचा तरास होते म्हणून."

"मी कवा म्हणलो?"

दाराशी उभ्या खुशबूनं खाली मान घालून ऑफिसचं सांगितलं. राजदीप बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिला.

"माह्यं बोलणं तुह्यापाशी अर्धंच आलं, आई. मी म्हणलो होतो, मी इथी बुडून राह्यलो, तू बोलत राह्य, बंद नको करू. बाकी सगळे आवाज मले उठवते. तुह्या आवाजानं झोप लागते."

"पण कामात बुडून राह्यला होता ना? गल्ली तेच म्हणे."

"कामात म्हणलोच नव्हतो मी. बुडूनच राह्यलो होतो. कामात हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं जोडलं. तू एकटीनं बरोबर आयकलं."

साऱ्या गल्लीनं जिला हसून घेतलं त्या बाईनं सूप बाजूला सारलं, आणि तो मोठा इंजिनीअर तिच्या मांडीत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला... खुशबूही रडली. रडता रडता आत जाऊन तिनं डब्यावरचा वरवंटा तेवढा उचलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिघंही चंद्रपूरच्या डॉक्टरकडे गेले. सुट्टी वाढली, झोप हळूहळू घरी परतली, कुकरही माळ्यावरून उतरला. फारूकभाईंनी मोबाइल झटकला तेव्हा त्यातून एका भाकरीचं पीठ निघालं असं ते आजही सांगतात, पण गल्लीत अंजनाबाईंच्या कानांची थट्टा कोणी केली तर तेच आधी रागावतात.

बल्लारशाह स्टेशनवर गाडीत बसल्यावर राजदीपनं आईला पुन्हा बजावलं, की रोज बोलून पाठवायचं, सांबाराबद्दलसुद्धा. अंजनाबाईंनी मान हलवली आणि खिडकीच्या गजातून त्याचा हात धरला.

"तुह्या तिकडचं नेट काई भरवशाचं नाई," त्या म्हणाल्या. "बुडून राह्यला तर आधी ते सांगजो. जयभीम मंग म्हण."