पावसात बंद न पडणारी सायकल

“मी हात लावणार नाही,” खुडबुडीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. “आईला शब्द दिलाय. सुट्टीभर एकही हत्यार हातात घेणार नाही.”

“तू दिलायस. मी कुठे दिलाय?” वकीलबाईने सायकलपुढे बसकण मारली. “तू नुसतं सांग. हात माझे.”

शेजारच्या घरातली ही मुलगी बोलायला लागली तेव्हापासून अशीच बोलायची म्हणे. प्रत्येक नियमात कुठेतरी फट असते आणि ती आपल्यासाठीच ठेवलेली असते, अशी तिची खात्री होती. म्हणून ती वकीलबाई. खुडबुडीचं नाव तिच्या स्वस्थ न बसणाऱ्या हातांमुळे पडलं होतं. आणि तिच्या धाकट्या भावाला भोंगा का म्हणत, ते तो तोंड उघडताच कळायचं.

“आई येईल!” भोंगा दारातून ओरडला.

“आली का?”

“नाही, येईल म्हटलं. प्लॅस्टर बघायला डॉक्टरांना असा किती वेळ लागतो?”

“तासभर. आणि हळू बोल. तुला राखणीला बसवलंय, दवंडी पिटायला नाही.”

वकीलबाईने सायकलवरची ताडपत्री ओढली. अकरा दिवसांत खुडबुडीने सायकलकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आता पाहिलं. हँडल वाकडं, दिव्याची काच फुटलेली, मडगार्डवर वाळलेला चिखल.

आई औषधांच्या गोदामात कामाला होती. घरोघरी औषधं पोचवायची, तीही स्वतःच्या सायकलवरून. तिने घेतली होती बाजारातली सगळ्यात स्वस्त बॅटरीची सायकल, गोदामातल्या बाकीच्यांसारखीच; दुरुस्ती तेवढी गोदामाकडे. दिसायला झोकात, पण नखरे विचारू नका. उन्हात बॅटरी तापायची. वाऱ्याच्या तोंडावर अर्ध्या वाटेत मान टाकायची. धुक्यात गारठून बसायची. मग खुडबुडीने एक वही केली आणि पानांना मथळे दिले: ऊन, वारा, धुकं, पाऊस. उन्हासाठी बॅटरीवर पांढऱ्या कापडाची सावली आली. वाऱ्यासाठी हँडल दोन बोटं खाली गेलं. धुक्यासाठी मोठा दिवा बसला, आणि जुन्या स्वेटरची बाही कापून बॅटरीला बंडी शिवली गेली, तेव्हा आई पोट धरून हसली होती. पावसासाठी खोल खाचांचे टायर घातले. तरी पावसाच्या पानावर एक ओळ बरेच दिवस खुपत होती: ‘पावसात मोटर मध्येच बंद पडते. कारण सापडत नाही.’ आठवड्याने तिच्याखाली दुसरी ओळ आली: ‘लांब मडगार्ड लावलं. बंद पडणं थांबलं. शाबास मी.’

त्या ओळीनंतर चौथ्या दिवशी आई पडली. भर पावसात, उतारावर. उजवं मनगट मोडलं.

गोदामाच्या मिस्त्रीने सायकल तपासली आणि सांगून मोकळा झाला, “पोरीने घरी टायर-बियर बदललेत. घसरणार नाही तर काय होणार?” साहेबांनी तेच कागदावर उतरवलं: घरी केलेल्या अनधिकृत बदलांमुळे अपघात, सबब कामावर येऊ नये. म्हणजे हात बरा झाला तरी ते काम गेलंच.

आई ओरडली नाही की रागावली नाही. तिने हत्यारांची पेटी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. तेव्हापासून ती खुडबुडीशी कामापुरतंच बोलत होती, तेही दुसरीकडे बघून. त्यापेक्षा दोन थपडा दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं खुडबुडीला रोज वाटायचं. आईचा हात आपण मोडला, आईचं काम आपण घालवलं. जेवताना आई डाव्या हाताने घास घ्यायची, आणि खुडबुडी अर्ध्या ताटावरून उठायची.

काल मात्र भोंग्याने सहज एक गोष्ट सांगितली होती. आई डॉक्टरांना म्हणाली होती, “ब्रेक दाबले तरी ती पुढेच ओढत होती हो.”

वकीलबाईचे कान टवकारले होते. “ओढत होती? टायर घसरतो. ओढतो कशाला?”

म्हणून आज ही चोरटी तपासणी चालली होती.

“हँडलपासून तारा बघत खाली ये,” खुडबुडी म्हणाली. “सावकाश. ओढू नकोस.”

“ही काळी, ही काळी. ही लाल टेप कसली गुंडाळलीय?”

“लाल?” खुडबुडी पुढे वाकली. “माझ्याकडे काळीच टेप आहे. ती सोड.”

वकीलबाईने नखाने टेप सोडवली. आत कनेक्टरची दोन टोकं होती. एकमेकांत बसायला हवीत अशी, आणि मुद्दाम उपटून शेजारीशेजारी बांधलेली.

खुडबुडीचे हात पाठीमागेच राहिले, पण बोटं एकमेकांत गुंतली. “ही ब्रेकची तार आहे. कुठलाही ब्रेक दाबला की ही तार मोटरला सांगते, बंद हो. मागचं चाक उचला. भोंग्या, रेस दे. वकीलबाई, पुढचा ब्रेक दाब.”

चाक गरगर फिरायला लागलं. वकीलबाईने ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं.

“आता टोकं जोड आणि परत कर.”

या वेळी ब्रेक दाबताच मोटरचा आवाज तुटला, आणि चाक हळूहळू थांबलं.

भोंग्याने रेस सोडली आणि चाक खाली टेकवलं.

“आई ब्रेक दाबत होती,” खुडबुडी म्हणाली, “आणि मोटर तिला उतारावरून ढकलत होती.” तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिला नुसता संताप आला.

“चल, आत्ताच्या आत्ता साहेबांना दाखवू,” भोंगा म्हणाला.

“साहेब म्हणतील, टेप तुम्हीच लावली,” वकीलबाईने टोकं पुन्हा होती तशी ठेवली. “एका सायकलने काही सिद्ध होत नाही. गोदामात अजून सहा आहेत ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गोदामाच्या अंगणात हजर झाली. आईची पिशवी आणि ओळखपत्र परत करायचं, हे निमित्त. आभाळ भरून आलं होतं. छपराखाली सहा सायकली ओळीने उभ्या होत्या आणि मिस्त्री खुर्चीवर चहा घेत बसला होता.

“पिशवी ठेवा तिथे आणि निघा,” तो म्हणाला. “आईचा हात कसा आहे?”

“मोडलाय,” खुडबुडी म्हणाली.

भोंग्याने आपलं काम सुरू केलं. “काका, चाकात हवा किती भरायची? जास्त झाली तर फुटतं का? तुमच्या हातून कधी फुटलंय? किती मोठा आवाज झाला?” मिस्त्रीने दोन्ही कानांवर हात ठेवले. तेवढ्यात वकीलबाईच्या कानातलं ‘पडलं’, आणि ती सायकलींच्या ओळीत वाकून वाकून शोधायला लागली. पहिल्या सायकलीपासून सहावीपर्यंत.

परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “पाच सायकलींना लाल टेप आहे,” ती खुडबुडीच्या कानात म्हणाली. “सहावी कोरी.”

“काका, ती शेवटची सायकल कोणाची?” खुडबुडीने विचारलं.

“माझी. का गं?”

पावसाचे थेंब पत्र्यावर वाजायला लागले. औषधं पोचवणारी माणसं रेनकोट चढवत बाहेर आली, आणि पाठोपाठ साहेब घड्याळ बघत आले. “चला, चला. पावसाची सबब सांगून उशीर करायचा नाही. उशीर झाला की मी शेरा मारणार, आधीच सांगून ठेवतो. आणि ही मुलं कोणाची?”

“तुम्ही ज्यांना कामावरून काढलं, त्यांची,” वकीलबाई म्हणाली. “म्हणजे ही दोघं. मी त्यांच्याबरोबर आलेय. साहेब, फक्त दोन मिनिटं. कुठलीही एक सायकल तुम्ही निवडा.”

“कशाला?”

“आम्ही हातसुद्धा लावणार नाही,” खुडबुडी म्हणाली. तिने हात पाठीमागेच धरले होते. “चाक उचलून रेस तुम्हीच द्या, पुढचा ब्रेकही तुम्हीच दाबा. चाक थांबलं तर आम्ही माफी मागून घरी जातो.”

सगळे बघत होते, त्यामुळे साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी पहिली सायकल घेतली. चाक थांबलं नाही. त्यांनी दुसरी घेतली. तीही तशीच. तिसरीला त्यांनी ब्रेक इतका आवळला की त्यांच्या हाताच्या शिरा फुगल्या. चाक आपलं गरगर फिरतच होतं.

“आता मिस्त्रीकाकांची घ्या,” खुडबुडी म्हणाली.

ती लगेच थांबली.

मिस्त्रीने कप खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. “मीच काढल्यात तारा. पाऊस पडला की ब्रेकच्या मुठीत पाणी शिरतं. मोटरला वाटतं ब्रेक दाबलाय, म्हणून ती बंद पडते. चांगल्या मुठी मागवा म्हणून मी तीनदा लिहून दिलं. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. इकडे ही माणसं रोज माझ्या पाया पडायची. काहीही करा पण वाटेत बंद पडू देऊ नका, शेरा बसतो. मग केली मी बंद न पडणारी सायकल.”

“मग तुमची तार का नाही काढली?” भोंग्याने विचारलं. या वेळी तो अगदी हळू बोलला होता.

मिस्त्रीने मान खाली घातली. रेनकोट घातलेली माणसंही आपापले बूट बघत उभी राहिली.

“आणि माझ्या टायरवर ढकललंत,” खुडबुडी म्हणाली.

“पोरी, तुझ्या आईनेही हेच सांगितलं होतं मला, बंद पडू देऊ नका म्हणून,” मिस्त्री पुटपुटला. “तिच्यासमोरच टेप लावली मी.”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता, त्यावर आता हळूहळू रंग परत आला. त्यांनी सगळ्या सायकली जागेवर उभ्या करायला लावल्या, मिस्त्रीला आत पाठवलं आणि घसा साफ केला. “हुशार आहेत हो मुलं. इतक्या लहान वयात एवढी बारीक नजर. शाबास. आईला सांगा, हात बरा झाला की यायचं कामावर.”

“हे लिहून द्या,” वकीलबाई म्हणाली. “काढताना लिहूनच दिलं होतं.”

रेनकोट घातलेल्या एका काकूंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. भोंग्याची छाती फुगली. साहेबांनी कागद लिहून दिला आणि खुडबुडीच्या पाठीवर थोपटायला हात पुढे केला. ती बाजूला सरकली. तिच्या कानात मिस्त्रीचं शेवटचं वाक्य घुमत होतं.

घरी आई खिडकीपाशी बसली होती. खुडबुडीने कागद तिच्या मांडीवर ठेवला. आईने तो वाचला, पुन्हा वाचला आणि डोळे पुसले.

“तुला माहीत होतं,” खुडबुडी म्हणाली.

“तार काढल्याने असं होईल, हे नव्हतं गं माहीत.”

“पण तार काढलीय, हे तर माहीत होतं ना?”

आईने कागदाची घडी घातली. “त्या दिवशी सायकल वाटेत बंद पडली नाही, मी नीट घरी आले. तू वही घेऊन धावत आलीस. मडगार्डनेच झालं ना, मडगार्डनेच झालं ना, म्हणून नाचत होतीस. तुझा तो आनंद बघून मला नाही सांगावंसं वाटलं.”

“आणि पडल्यावर?”

“पडल्यावर मिस्त्री घरी आला होता. म्हणाला, हे बाहेर पडलं तर तुमचं-माझं दोघांचं काम कायमचं जाईल. पोरीच्या अंगावर गेलं तर काय, लहान आहे, विसरेल. गप्प राहिलात तर महिन्याभरात साहेबांना सांगून परत घ्यायला लावतो.” आईचा आवाज फाटला. “मी घाबरले. चुकलं माझं.”

“मी रोज समजत होते की तुझा हात मी मोडला. अकरा दिवस, आई.”

“तुझ्याकडे बघवत नव्हतं मला. म्हणून तर बोलत नव्हते.”

आईने डाव्या हाताने कमरेची किल्ली काढून पुढे धरली. थोड्या वेळाने खुडबुडीने ती घेतली.

तिने आधी वही उघडली. ‘शाबास मी’ या शब्दांवर काट मारली आणि खाली लिहिलं: ‘कारण: ब्रेकच्या मुठीत पाणी.’ मग पेटी काढली. वकीलबाईने दिवा धरला, भोंग्याने जुनी ट्यूब धरली. खुडबुडीने हँडल सरळ केलं, तार जोडली, मुठी कोरड्या केल्या आणि ट्यूबचे तुकडे कापून त्यांच्यावर गच्च टोप्या चढवल्या. हे सगळं पावसाळ्याच्या सुरुवातीलाच करता आलं असतं. तिला कोणीतरी खरं कारण सांगायला हवं होतं, एवढंच.

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. ती सायकल घेऊन गल्लीत उतरली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि उतारावर ब्रेक दाबला. मोटर तिथल्या तिथे बंद झाली आणि सायकल आज्ञाधारकपणे उभी राहिली. ब्रेक सोडून रेस दिली, तशी पुन्हा पळाली. एवढ्या पावसात एकदाही अडली नाही.

“जमलं!” भोंगा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

आई दारात आली होती. प्लॅस्टर भिजू नये म्हणून तिने तो हात पदराखाली घेतला होता. “शाबास गं माझी बाय,” ती म्हणाली. “किती भिजलीस. आत ये आता, डोकं पुसून देते.”

इतके दिवस खुडबुडी याच हाकेची वाट बघत होती. तिने आईकडे पाहिलं.

“तू हो आत. हात भिजेल तुझा,” ती म्हणाली. “मी अजून एक फेरी मारून येते.”

आणि ती पुन्हा गल्लीच्या टोकाकडे निघाली. आई दारातच उभी राहिली.