पायऱ्या उतरणाऱ्या ओळी

"अहो, सांभाळून... पायाखाली वायर!"

तिने खाली बघेपर्यंत उशीर झाला होता. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरता शिरता तिचा पाय अडकला, आणि तोल सावरायला हाताला जे लागलं ते तिने घट्ट धरलं. ती एका अनोळखी माणसाची बाही होती. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. छातीशी त्याने एक जाडजूड, पिवळट पडलेला कॉम्प्युटर धरला होता, झोपलेलं मूल धरावं तसा.

"आता सोडलीत तरी चालेल," तो म्हणाला. मग हळूच, "तशी घाई नाही म्हणा..."

तिने झटकन हात मागे घेतला. बाहेर रिमझिम सुरू होती. त्याच्या केसांवर बारीक थेंब होते आणि डोळ्यांत हसू.

"बरं झालं तुम्ही आलात," दुकानदार तिला म्हणाला. तिच्या ऑफिसातल्या मशीन याच दुकानात दुरुस्तीला यायच्या. "या ठिपकेवाल्याचं बघा जरा. तुमच्याच लायनीतलं दुखणं आहे."

ठिपकेवाला म्हणजे तोच. तो आणि त्याची मावशी अंधांसाठी उठावाच्या ठिपक्यांची पुस्तकं छापायचे. त्यांचं छपाईयंत्र फक्त या जुन्या मशीनचंच ऐकायचं, आणि या मशीनवरचा लिहायचा प्रोग्राम आता म्हातारा झाला होता. पुस्तक जरा मोठं झालं की शेवटची पानं गिळून टाकायचा. मुलांचं विज्ञानाचं पुस्तक अर्ध्यावर अडकून पडलं होतं.

"म्हणून नवा एडिटर बसवायला गेलो," तो सांगू लागला. "या मशीनसाठी तयार मिळेना. मग प्रोग्रामचा मूळ मजकूर, सोर्स कोडच उतरवून घेतला, सूचना वाचत वाचत सगळं केलं... आणि त्याने काय उत्तर दिलं, ऐकाच."

त्याने मशीन चालू केली. मावशीला दिसत नव्हतं, त्यामुळे मशीन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायची. सपाट, कोरड्या आवाजात ती बोलली—

"या मशीनची ओळख पटत नाही. मशीन भंगारात द्या. सोबत मालकालाही द्या."

दुकानदार खो खो हसला. तिच्या मात्र कानाच्या पाळ्या तापल्या.

ते वाक्य तिचं होतं.

तो एडिटर तिच्याच ऑफिसात बनायचा, आणि ऑफिसात तिला सगळे जोडारीण म्हणायचे. सोर्स कोड एकच, पण प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचं वळण निराळं. एकीकडे फाइलचा पत्ता एका तऱ्हेने लिहायचा, दुसरीकडे दुसऱ्या. एकीकडे जी सोय आयती मिळते, ती दुसरीकडे हाताने करून द्यावी लागते. म्हणून सुरुवातीलाच एक छोटा प्रोग्राम मशीनची विचारपूस करतो—तू कोण, तुझ्याकडे काय आहे, काय नाही—आणि कोड त्या त्या घराला बेतून बसवतो. ती विचारपूस तिने लिहिली होती. एका कंटाळवाण्या दुपारी, असल्या जुन्या सिस्टिमवर आता कोण मरायला काम करतंय असं म्हणत, शेजारच्यांना हसवायला तिने ते वाक्य टाकलं. सगळे हसले. काढायचं राहून गेलं, आणि नवी आवृत्ती तशीच जगभर गेली.

"कुणा मूर्खाने लिहिलंय," ती कशीबशी म्हणाली.

"मूर्ख नाही हो, विनोदी आहे. भेटला पाहिजे एकदा." त्याने तिच्याकडे बघितलं. "तुम्ही ओळखता का त्याला?"

"...नाही."

एवढासा शब्द. पण खोटा. "मी करून देते," ती घाईघाईने म्हणाली. "या मशीनवर एडिटर चालेल असं करून देते. शनिवारी येते."

मग ती दर शनिवारी जाऊ लागली.

वरच्या मजल्यावरची ती खोली लांबट होती. खिडकीत मशीन, भिंतीला जाड कागदांचे गठ्ठे, आणि मधोमध खडखडाट करणारं छपाईयंत्र. मावशी छापून आलेल्या पानावर बोटं फिरवत बसलेल्या असायच्या. पाऊल वाजलं की म्हणायच्या, "आली का आमची डॉक्टरीण? अरे, चहा टाक." चहा तो टाकायचा, साखर त्या घालायच्या—जास्तच घालायच्या—आणि तिला मान वर करून तो पिता यायचा नाही.

"तुम्ही नेहमी कपातच बघून बोलता," तो एकदा म्हणाला. "कपात असं काय आहे?"

"चहा."

"माझ्याकडे बघितलंत तर कमी होणार नाही तो."

ती हसली... आणि हसता हसता ओशाळली. इतका सरळ माणूस, आणि आपण त्याच्यासमोर दर खेपेला एक खोटं घेऊन बसतो.

काम मात्र पुढे सरकत होतं. त्या सिस्टिममध्ये जे नव्हतं ते तिने एकेक करून लिहून दिलं. एका शनिवारी एडिटर उघडला, अख्खं पुस्तक त्यात मावलं, आणि यंत्राने पहिलं पान बाहेर काढलं. मावशींनी त्यावर बोटं ठेवली आणि त्या हसतच सुटल्या.

"अगं, या ओळी जिना उतरतायत! पहिली इथे, दुसरी तिच्या पुढे, तिसरी कागदाबाहेर पडायला आलीय."

ओळ संपल्याची खूण त्या यंत्राला दोन भागांत हवी होती—खाली उतर, आणि कडेला परत ये. एडिटर फक्त 'खाली उतर' एवढंच सांगत होता.

"मला दाखवा ना," ती म्हणाली. त्याने तिचं बोट अलगद धरून ठिपक्यांवर ठेवलं. बोटाखाली मोहरीच्या दाण्यांसारखं काहीतरी सरकलं.

"काय लिहिलंय?"

"डोळे मिटा, मग सांगतो."

तिने मिटले. त्याचं बोट तिच्या बोटावर होतं. यंत्र थांबलं होतं, आणि खिडकीच्या पत्र्यावर पाऊस टपटपत होता...

"मेंढीच्या जठराचे चार कप्पे," तो कानाशी पुटपुटला.

तिला हसू आवरेना. तोही हसला, आणि त्या हसण्याच्या भरातच म्हणाला, "त्या वाक्यवाल्याचे आभारच मानायला हवेत. तो नसता तर तुम्ही कुठल्या इथे यायला?"

तिने हात काढून घेतला.

पुढच्या शनिवारी ती आली ती उभीच राहिली. चहा नको म्हणाली. मावशी पानं चाळत होत्या, तो गठ्ठे लावत होता.

"ते वाक्य मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "दुकानात 'नाही' म्हटलं ते खोटं होतं. काल ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं. आता ते काढलंय. पण तोवर अजून किती जणांना ऐकवलं असेल, कोण जाणे."

त्याने गठ्ठा खाली ठेवला. तो हसेल असं तिला कुठेतरी आत वाटलं होतं. तो हसला नाही.

"मला त्याचं काही नाही," तो म्हणाला. "मी दुकानात हसत होतो. पण ते पहिल्यांदा ऐकलं मावशीने, मी बाहेर गेलेलो असताना, एकटीने. मशीन तिची आहे. दोन दिवस ती या खोलीत आली नाही. मला विचारत होती—खरंच का रे, आता कुणाला नकोत आपली पुस्तकं?" तो गॅलरीच्या दाराकडे वळला. "आणि तुम्ही इतके दिवस तिच्या हातची साखर खाल्लीत."

तो गॅलरीत निघून गेला. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. डोळे भरून आले. कुणाला दिसू नयेत म्हणून ती वळली, आणि इथे बघणारं कुणी नाही हे आठवून तिला आणखीच मेल्यासारखं झालं.

"रडतेयस?" मावशींनी विचारलं.

"...नाही."

"परत खोटं."

"हो, रडतेय. मावशी, मला माफ—"

"थांब. मला राग आला होता. अजून आहे थोडा, एका दिवसात जायचा नाही. पण माझ्या ओळी अजून जिना उतरतायत, त्यांचं काय? रडायचं असेल तर कीबोर्डपासून लांब रड. पाणी गेलं तर तो दुकानदार आठवडाभर लावतो."

ती बसली. दुपारभर बसली. त्या एका सिस्टिमपुरती ओळीची खूण बदलली, कोड पुन्हा बांधला, छापलं... वाकडं आलं. पुन्हा बदललं. अखेर एक पान बाहेर आलं, आणि मावशींची बोटं डावीकडून उजवीकडे गेली, कडेला परतली, पुन्हा गेली. कुठेही अडली नाहीत.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि पुढचं पान मागितलं.

तिने पिशवी उचलली आणि मुकाट्याने जिना उतरली. बसथांब्यावर कुणी नव्हतं. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. समोरून तिची बस येताना दिसली, तेवढ्यात मागून धावत येणारी पावलं वाजली. छत्री नव्हती त्याच्याकडे. धापा टाकत तो तिच्या शेजारी उभा राहिला. बस थांबली... आणि गेली. दोघंही जागचे हलले नाहीत.

"राग गेला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग धावत का आलात?"

"राग आहे म्हणून तू जावंस असं थोडंच आहे." 'तू' म्हटल्याचं त्याच्या उशिरा लक्षात आलं. तो गोंधळला, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. "वर मावशी विचारतेय, विज्ञान मार्गी लागलं, भूगोल कधी. आणि मी... मला तू आवडतेस. रागावलेलो असताना कळलं, म्हणजे बहुतेक खरंच असणार. तुझं काय ते सांग."

"मला तुझ्याकडे मान वर करून बघवत नाही रे."

"मग खाली बघून सांग."

त्याच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात मावशींची. चिखलाने माखलेल्या त्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे बघत तिने सांगितलं.