अकरावं हत्यार

एका पत्राचं उत्तर मी परवापरवापर्यंत दिलेलं नव्हतं. पत्र १९६२ सालचं आहे, जोडकार्ड. तेव्हा पोस्टात अशी कार्डं मिळत. एकावर आपण लिहायचं आणि त्यालाच जोडलेलं दुसरं, तिकिटासकट, उत्तरासाठी कोरं पाठवायचं. म्हणजे उत्तर न देणाऱ्याला काही सबबच उरत नसे. मला मात्र सबबी बेचाळीस वर्षं पुरल्या.

तरुण वाचकांना ही गोष्ट आवडेल की नाही, मला शंकाच आहे. सांगून पाहतो.

मी तेव्हा अमरावतीला एका वाचनालयात कारकून होतो. वय चोवीस. पुस्तकांशी माझं बरं जमे, माणसांशी कमी. कुणी मुलगी पुस्तक मागायला आली, तर मी दौतीकडे पाहून बोलायचो. कापसाच्या एका कंपनीतला साहेब गाव सोडताना आपली पुस्तकं आम्हाला देऊन गेला. त्यांत एक पातळ इंग्रजी पुस्तक होतं— घरच्या घरी विमान कसं जोडावं. सुटे भाग परदेशातून खोक्यात येतात, आपण अंगणात बसून ते जोडायचे, आणि दोन जणांनी उडायचं. दोन दिवसांत ते मी तीनदा वाचलं. पहिल्याच प्रकरणात बजावलं होतं की खोकं मागवण्याआधी हत्यारं जमवा. खाली यादी होती. त्रेसष्ट हत्यारं.

यादी मी मराठीत, चांगल्या अक्षरात उतरवली. अमरावतीत कुणाला विचारायची हिंमत नव्हती. म्हणून एका रविवारी एस.टी.नं अकोल्याला गेलो. तिथे हसं झालं असतं तरी ते हसणारे मला पुन्हा भेटणार नव्हते.

जुन्या शहरात गेलो, तर लोखंडी सामानाचं दुकान दुपारचं बंद. शेजारचं उघडं होतं, पण ते पत्र्याच्या पेट्यांचं. लग्नात मुलीला देतात तशा, झाकणावर फुलं रंगवलेल्या. कधी उघडेल एवढं विचारावं म्हणून पायरी चढलो. एक मुलगी आडव्या पेटीपुढे बसली होती. हातात हातोडी, ओठांत पत्रे जोडायच्या चार रिबिटी. तिनं माझ्याकडे पाहिलं... रिबिटी तळहातावर काढल्या आणि म्हणाली,

"बरं झालं आले. बाबा जेवाले गेले. आतून ठोकळा धरा."

"मी... जरा चौकशी—"

"चौकशी मंग करा. डोकं घाला आत."

रिबिट बाहेरून ठोकताना आतून कुणीतरी लोखंडाचा ठोकळा दाबून धरावा लागतो, नाहीतर ती बसत नाही, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की माझं डोकं आणि दोन्ही खांदे एका पेटीत आहेत, नाकात ताज्या रंगाचा वास आहे आणि हातोडीचा प्रत्येक ठोका दातांत उतरतो आहे.

"कोन्या गावचे?" पत्र्यापलीकडून आवाज आला.

"अमरावती."

"काय पायजे होतं?"

"हत्यारं."

"कायले?"

कपाट करायचं आहे, असं सांगायचं मी घरून ठरवून निघालो होतो. पण ती मला दिसत नव्हती आणि मी तिला दिसत नव्हतो... मधे नुसता पत्रा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून खरं, आणि न अडखळता, बाहेर पडलं.

"विमान बांधायचंय."

हातोडी थांबली.

"उडनारं?"

"पुस्तकात तरी उडतं."

"किती जन बसतात?"

"दोन."

"एक तुमी. दुसरं कोन?"

"ते... अजून ठरलेलं नाही."

टक्, टक्, टक्. मग ती म्हणाली, "ठोकळा सरकला तुमचा. हात काहून थरथरून राहिला?"

तिचं नाव जाई. पुंजाजी पेटीवाल्यांची मुलगी. पुंजाजी येईपर्यंत तिनं माझी यादी हिशोबाच्या वहीवर ठेवून वाचली आणि कानामागची पेन्सिल काढली.

"हे हवेचं यंत्र कायले?"

"रिबिटी ठोकायला. हवेच्या दाबानं."

"हातोडी हाय ना." काट. "ही सुई?"

"पत्र्यावर रेघ मारायला."

"सुईनं ओरखडा पडते, मंग पत्रा तिथूनच चिरते. अन् आभाळात चिरला म्हंजे? तुमच्या खिशात शाईचा पेन हाय, त्यानं मारा." काट. "डोये झाकाचा चष्मा... हाय तुमाले." काट. "भोकाची धार काढाचं येगळं हत्यार कायले? जाडं ड्रिल हातानं दोनदा फिरवलं का झालं."

शेवटी अकरा उरली. हातड्रिल, कानशी, पत्रा कापायच्या कात्र्या, गुण्या, शिकंजा, अशी. सगळ्यांत खाली ठोकळा.

"मग आजच घेऊन जातो सगळी," मी म्हणालो.

"नाई. एका आईतवारी एक. पयलं हाताशी बसल्याबिगर दुसरं घेनारा मानूस नुसती हत्यारं जमवते."

म्हणून मी दर रविवारी अकोल्याला जाऊ लागलो. शेजारच्या दुकानातून ती एकेक हत्यार निवडून ठेवायची. कानस नखावर घासून बघायची, कात्रीनं कागद नव्हे, पत्र्याची कड कापून दाखवायची. मग 'हाताले सवय पायजे' म्हणून मला पेटीत घालायची. पेटीत मी तिला पुस्तकांबद्दल सांगे, ढग किती उंच असतात ते सांगे. बाहेर आलो की चहाची बशीसुद्धा जमिनीकडे पाहून घेई.

"आतमधी चांगले बोलता," ती एकदा म्हणाली. "बाहीर निंगाले का मुके."

"बाहेर... उजेड फार असतो."

ती हसली, आणि ओठांतली एक रिबिट निसटून घरंगळली. दोघंही शोधायला वाकलो. रिबिट तिच्या हाती आधी लागली, माझ्या हाती तिची बोटं. मी माफी मागितली. तिनं रिबिट पुन्हा खाली टाकली आणि म्हणाली, "थांबा, अजून सापडली नाई."

पुंजाजींनी तिला एकदा माझ्यादेखतच विचारलं, "हे कोन?"

"गिऱ्हाईक."

"पेटीचं?"

"हत्याराचं."

"आपन हत्यारं कधीपासून इकतो?"

"आठ आईतवार झाले," जाई म्हणाली.

दहाव्या रविवारी तिनं मला पेटीत घातलंच नाही. फक्त ठोकळा राहिला होता. "चांगला पाहून ठेवीन," एवढंच म्हणाली. बुधवारी वाचनालयात ते जोडकार्ड आलं. आमचे पोस्टमन भगवंतराव ते माझ्या हातात देत म्हणाले, "आजच टाका. उद्या अकोल्यात पोचते." म्हणजे त्यांनी वाचलं होतं. उघडंच कार्ड ते.

"ठोकळा भेटला. पण तुमच्या बुकात चूक हाय. ठोकळा आपोआप धरल्या जात नाई. एकानं ठोकाचं, एकानं धराचं, जन्मभर. ते मानूस यादीत नाई. मी धरू का? आईतवारी अंजनगावचे लोक मले पाहाले येऊन राहिले. त्याच्या आंधी कळवा. हो का नाही, येवढंच. कार्ड जोडलं हाय. पत्ताही मीच टाकला. — जाई"

मी बसलो उत्तर लिहायला. जोडलेलं कार्ड खराब होऊ नये म्हणून आधी वाचनालयाच्या रद्दी कागदांवर. नुसतं 'हो' लिहिलं, ते उद्धट वाटलं. 'होय' सरकारी वाटलं. 'आपला विचार मला मान्य आहे' हे वाचनालयाच्या ठरावासारखं दिसलं. मग एक चार पानी झालं, त्यात ढगच फार. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी सतराव्या कागदावर 'हो' बरं जमलं आहे असं वाटलं, तेव्हा पोस्टाचा डबा उघडून टपाल गेलेलं होतं.

रविवारी पहिल्या गाडीनं निघालो. मूर्तिजापूरपर्यंत पाठ करत होतो, बोरगावला विसरलो.

दुकानात पाहुणे नव्या पेट्यांवर ओळीनं बसले होते. अंजनगावचे जानराव, त्यांचा मुलगा, दोन बायका. जाई भिंतीशी, खाली मान घालून. मी दारात उभा. सगळ्यांच्या माना वळल्या.

"काय पायजे?" पुंजाजींनी विचारलं.

 जाईनं एकदाच वर पाहिलं, आणि मग कोपऱ्यातल्या आडव्या पेटीकडे. मी चपला काढल्या. पाहुण्यांच्या मधून गेलो, गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं.

आत अंधार. रंगाचा ओळखीचा वास. जीव भांड्यात पडला.

"पुंजाजी," मी म्हणालो. पेटी घुमली. "मला जाईंशी लग्न करायचं आहे. विमान नाही झालं तरी."

 मला वाटलं, सगळे उठून गेले. मग पत्र्यावर, अगदी माझ्या कानाशी... टक्. टक्. टक्.

"पुंजाजी," जानराव सावकाश म्हणाले, "तुमी पेटीसंगं मानूसबी देता काय?"

"जाई, हे काय हाय?"

"गिऱ्हाईक, बाबा," जाईचा आवाज आला. "हत्यारं झाले त्याचे. आता मले न्याले आलं."

जानराव भले माणूस. ते हसायला लागले, म्हणून मग पुंजाजींनाही हसावं लागलं. वैशाखात बुद्धवंदना घेऊन आमचं लग्न झालं. जानराव जेवायला आले, आणि जाताना आपल्या मुलासाठी स्थळ सुचवा म्हणून सांगून गेले.

खोकं काही आलं नाही. परदेशी चलनासाठी मी तीन अर्ज केले, तिन्ही परत. इथलाच पत्रा आणून आम्ही दोघांनी शेपटीचा एक भाग तेवढा केला. मी ठोकायचो, ती धरायची. तो गच्चीवर आहे. दर उन्हाळ्यात जाई त्याच्यावर मुगवड्या वाळवते.

पण कार्डाचं ती विसरली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की, "तुमी बाबाले सांगतलं. मले कुठं सांगतलं? उत्तर बाकी हाय."

मागच्या सोमवारी तिच्या लग्नातल्या पेटीची एक रिबिट ढिली झाली. माझे गुडघे आता टेकत नाहीत, म्हणून आतून तिनं ठोकळा धरला. ठोकता ठोकता तो सरकला.

"हात काहून थरथरून राहिला?" मी विचारलं.

"काय?" ती आतून म्हणाली. हल्ली तिला कमी ऐकू येतं.

मी मोठ्यानं विचारलं. पुन्हा मोठ्यानं विचारलं.

"ऐकू नाई येत," ती म्हणाली. "लिहून द्या."

तिनं ते कोणत्या अर्थानं म्हटलं, मी विचारलं नाही. दुपारी ती झोपल्यावर मी कपाटातून कार्ड काढलं. कच्चा कागद घेतला नाही. दोन शब्द लिहिले. "हो. धर." तिच्या अक्षरातला अकोल्याचा पत्ता एका रेघेनं खोडून खाली आमचा घातला.

पोस्टातल्या पोरीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "काका, हे तिकीट आता चालत नाही." तिनं नवं दिलं, मी चिकटवलं. मग ती म्हणाली, "हा तर तुमचाच पत्ता आहे ना?"

"हो. दुपारी चारनंतर द्यायला सांगा. तेव्हा ती जागी असते."

बाहेरच्या लाल डब्यापाशी मी थोडा वेळ उभा राहिलो. मग कार्ड आत सोडलं. डबा रिकामाच असावा. तळाच्या पत्र्यावर ते वाजलं... टक्.