भोपळा म्हणा, नाहीतर टरबूज

टक.

मी मशीन थांबवलं. लेक शाळेत गेली की दुपारभर घरात फक्त माझ्या शिलाई मशीनचा आवाज. ते थांबलं की भिंतीसुद्धा डुलकी काढतात. पुन्हा… टक. स्वयंपाकघराच्या काचेवर.

जाऊन बघते तर खिडकीबाहेर डोक्याएवढं हिरवं फळ वाऱ्यावर झुलत होतं, अंगभर पांढरे शिंतोडे. भाजीची सालं पुरते त्या कोपऱ्यातून हा वेल आपोआप उगवला होता आणि कुंपणाच्या जाळीवरून थेट खिडकीपर्यंत चढला होता. जाळीपलीकडे शेजारचे नवे भाडेकरू चवड्यांवर उभे राहून त्या फळाला सुतळी बांधायची खटपट करत होते.

"अहो ता—" मला पाहून ते म्हणाले, आणि पुढची 'ई' गिळून टाकली.

ती गिळलेली 'ई' मला चांगली ऐकू आली.

"काच फुटेल म्हणून बांधतोय. तुमचं टरबूज."

"टरबूज नाही, भोपळा आहे."

"अहो, साल तर बघा."

"तुम्ही पान बघा. टरबुजाचं पान कातरल्यासारखं असतं, हे कसं पसरट आहे. काय करता तुम्ही?"

"चष्म्याच्या दुकानात असतो. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो."

"मग एकदा स्वतःचाही काढा."

ते हसले. हसताना ते आधी खाली बघतात, मग समोर… आणि समोर बघतात तेव्हा चांगलंच बघतात.

मग रोज संध्याकाळी जाळीपाशी तपासणी सुरू झाली. एकदा ते दुकानातलं भिंग घेऊन आले. आमच्या ठमीनं ते पळवलं आणि फळ सोडून त्यांचं नाक तपासलं. "आई, यांच्या नाकावर चष्म्याचे खड्डे आहेत."

"धंद्याची खूण आहे ती," ते गंभीरपणे म्हणाले. ठमी पळाल्यावर हळूच म्हणाले, "टरबूज निघालं तर तुम्हाला एक सांगायचं आहे."

"आणि भोपळा निघाला तर?"

"तर माझ्या हातात भोपळा."

"म्हणजे तुमचं बोलणं फळावर अवलंबून?"

"धीर… तो कुठेतरी टांगावाच लागतो ना."

मला गंमत वाटली. मी काही सोळा वर्षांची नव्हते. एका मोडलेल्या संसारातून लेक आणि मशीन घेऊन बाहेर पडले होते, आणि दोन्ही झकास चालवत होते. मला घाई नव्हती.

नव्हती… पण एका संध्याकाळी ते सुतळीशी चाळा करत म्हणाले, "मालक दुसऱ्या शहरातलं दुकान माझ्यावर सोपवतायत. रविवारी हो की नाही ते सांगायचंय."

"मग?"

"इथं थांबण्यासारखं काही असेल तर…"

"ते तुम्हाला ठाऊक," मी म्हणाले आणि आत आले. आत येऊन एका गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी लावली. माझी बाही कधी उलटी लागत नाही.

उसवता उसवता ठरवून टाकलं. रविवारी सकाळी फळ देठासकट कापलं आणि जाळीवरून हाक मारली, "या, निकाल लावू."

ते स्वयंपाकघरात आले. साल इतकी टणक की सुरी अडली. त्यांनी वरून तळहात दाबला, आणि कर्रकन दोन फाका झाल्या. आत पांढराशुभ्र, दोऱ्यादोऱ्यांचा गर. त्यात काळ्याभोर बिया.

ठमीनं आमच्या दोघांच्या मधे डोकं घालून पाहिलं.

"दोघंपण नापास," ठमी म्हणाली.

"बिया तर टरबुजाच्या आहेत," ते आशेनं म्हणाले.

"देठ बघा. कडक आणि कंगोऱ्यांचा. भोपळ्याचीच कुठली तरी जात आहे ही. नाव मलाही माहीत नाही."

"म्हणजे मी हरलो." त्यांनी हात पुसले, चष्मा सारखा केला. "बरं. मालकांना… कळवतो मग."

मी एक पातळ काप काढला. "कडू नाही ना, बघू दे. कडू भोपळा बाधतो." तो ओठांशी नेला तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. आधी मी."

"का?"

"तुम्हाला काही झालं तर ठमी आहे. माझ्यामागे रडायला कोणी नाही."

ते थट्टेनंच बोलले होते. मी हसले नाही, मनगटही सोडवून घेतलं नाही.

"मी रडेन," मी म्हणाले.

त्यांच्या हाताची पकड ढिली झाली… पण हात तिथंच राहिला. मग त्यांनी माझ्या बोटांतला काप अलगद घेतला, जिभेला लावला, थांबले, चावला.

"कडू नाही," ते म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला. "मालक, मी येत नाही. नाही, पगाराचं नाही. इथं… इथं माणूस आहे माझं." फोन ठेवला, आधी खाली बघितलं, मग समोर.

"मला न विचारताच सांगून टाकलंत?" मी म्हणाले.

"तुम्हीही मी न विचारताच उत्तर दिलंत."

ठमी इतका वेळ बिया वेचत होती. आता तिचे हात थांबले होते आणि ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.

"आई," तिनं विचारलं, "पण त्यांच्यासाठी तू का रडशील?"

मी सुरी उचलून उगाच दुसरा काप काढू लागले. समोर तेही, ओठांवरचं हसू आवरून, माझ्या उत्तराची वाट बघत होते.