वरून आलेले दोन ठोके

माझी मैत्रीण म्हणते, तू रंगवून सांगतेस. नाही. त्या शनिवारी अमेरिकेत, डुलुथ शहरात, दुपारीच अंधारून आलं होतं, आणि पाण्याच्या व्हॉल्व्हवर हात माझाच होता.

माझे बाबा आग लागली की छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर बसवतात. ती इमारत लाकडी. लिफ्ट वर-खाली जाते तो उभा शाफ्टही लाकडीच, म्हणून त्याच्या माथ्यावर स्प्रिंकलर हवाच. काँक्रीटचा असता तर सुटलो असतो. तपासनिसाने वर पाहिलं, स्प्रिंकलर नव्हता. लिफ्ट बंद.

चौथ्या मजल्यावर राहणारी मार्लिस आजी. व्हीलचेअरवर. घरातच अडकलेली.

"कॉफी संपली, कर्ट. आता तुझ्या मानेवर बसूनच खाली जाते," ती बाबांना म्हणाली.

"लिफ्टनंच जा बाई. मान कधीच गेलीय कामातून."

बाबा डबल पाळ्या करत होते. डोळे लाल. त्यांचे कामातले जोडीदार आयनरकाका उन्हाळ्यात वारले. म्हणून सुटीच्या दिवशी मी मदतीला.

शाफ्टमधून हाक नीट ऐकू येत नाही. मग पाइपवर पान्याने ठोकायचं. एक ठोका, पाणी सोड. दोन ठोके, थांब. ही आयनरकाकांचीच पद्धत.

बाबा वर. मी खाली.

टण्...

मी व्हॉल्व्ह धरला.

टण्... टण्...

सावकाश. दमलेल्या माणसाने मारावेत तसे.

मी थांबले.

बाबा धापा टाकत जिना उतरले. "झोपलीस का गं? ठोका दिला होता ना."

"आणि मग दोन दिलेत."

"मी एकच दिला. पाना खिशात टाकला."

बोलताना त्यांनी खिसा चाचपला.

स्प्रिंकलर खिशातच होता. बसवला असंच त्यांना वाटत होतं. वर पाइपचं तोंड उघडं.

पाणी सोडलं असतं तर सगळं लिफ्टवर. आजी आणखी कित्येक आठवडे वरच.

बाबा पायरीवर बसले.

मग वर जाऊन त्यांनी तो बसवला. एक ठोका. मी वाट पाहिली...

काहीच नाही. पाणी सोडलं.

तपासणी झाली. आजी लिफ्टने खाली आली.

"तुझा जोडीदार कुठाय? शनिवारी माझ्या भिंतीपलीकडे, शाफ्टमध्ये खोकत होता. फार थकलेला वाटला."

बाबांनी टोपी काढली.

काल जादा पाळीसाठी त्यांनी ट्रकची चावी उचलली. बाहेर बर्फ.

आमच्या स्वयंपाकघरात, हीटरच्या पाइपवर...

टण्... टण्...

बाबांनी चावी ठेवली. बूट काढले. खुर्चीतच झोपले.

मी मात्र रात्रभर जागी. दोन ठोके म्हणजे थांब, पण बाबांना कशापासून थांबवलं, ते अजून कळलेलं नाही.