वास नसलेला पाला

दुपारी धनगर सिफिस टोपी हातात धरून दारात उभा राहिला, तेव्हाच मानुसोसला कळलं. मानुसोसची बायको आर्गिरो कड्याखाली मरून पडली होती.

दिक्तामो तोडताना पाय घसरला, असं पोलिसांनी लिहिलं. कड्याच्या फटींत उगवणाऱ्या या सुगंधी पाल्यापायी क्रीटमध्ये माणसं जातात. कुणी शंका घेतली नाही.

पाचव्या दिवशी मानुसोसने हान्या शहरातून थिओनी या खासगी गुप्तहेर बाईला बोलावलं.

"माझं पोट दुखत होतं. मीच म्हटलं, दिक्तामोचा काढा कर. घरात पाला नव्हता. गुडघ्यांमुळे दोन वर्षं ती कडा चढली नव्हती. माझ्यासाठी चढली का, एवढंच शोधा."

पोलिसांनी परत दिलेल्या एप्रनच्या ओच्याला गाठ होती. थिओनीने ती सोडली. आत रुंद पानं, लांब देठ.

"वास घ्या, काका."

"येत नाही. ती गेल्यापासून नाकच गेलंय." बोलता बोलता तो अंगणातून आत धावला. "अरे, कॉफी करपली!"

प्रेत पहिल्यांदा पाहणाऱ्या सिफिसला तिने विचारलं, "ओचा असाच होता?"

"असाच. एक पान सांडलं नव्हतं."

"कड्यावर पाणी आहे?"

"पाणी? एप्रिलपासून थेंब नाही. शेळ्या मला शिव्या घालतात, बाई!"

मग मानुसोसला घेऊन ती गावाखालच्या वार्दिसच्या मळ्यात गेली. दिक्तामोच्या ओळींतून पाणी वाहत होतं. हौदापाशी गोण्या रचलेल्या. गोण्यांवर छापलं होतं, 'कड्यावरचा दिक्तामो'.

"आर्गिरोवहिनी याला गवत म्हणायची," वार्दिस हसला. "अहो, रोपं मी त्याच कड्यावरून आणलीत. झाड तेच, पान तेच!"

"त्या दिवशी आली होती?"

"इकडे? पाय ठेवायची नाही."

परतताना मानुसोस म्हणाला, "खरं बोलतो तो. रोपं मीच काढून दिली होती."

दुसऱ्या सकाळी थिओनीने हवालदाराला आणि वार्दिसला मानुसोसच्या अंगणात बसवलं.

"काका, तुमचं नाक शाबूत आहे. करपलेली कॉफी तुम्हाला इथून कळली. वास पाल्यालाच नाही. दगडात, उन्हात, तहानेवर वाढलेलं पान नखाएवढं राहतं, दाट लव धरतं आणि घमघमतं. तेच रोप खतापाण्यावर पोसलं की पान रुंद होतं, वास जातो. हा पाला कड्यावरचा नाहीच. आणि तोडताना घसरली असती तर ओचा उघडा असता, पाला सांडला असता; तो कुणीतरी नंतर भरून गाठ मारली. झाड तेच, कोण ओळखणार, असं तुम्हाला वाटलं ना, वार्दिस?"

वार्दिस बोलू लागला.

"मूठभर पाला मागायला आली होती. गोण्यांवरचं वाचलं. म्हणाली, गावभर सांगते. मी नुसतं ढकललं. डोकं हौदाच्या काठावर आपटलं, तिथंच गेली. मग ओच्यात पाला बांधून मीच तिला कड्याखाली नेऊन टाकलं."

"म्हणजे ती चढलीच नाही?" मानुसोसने विचारलं.

"नाही, काका."

"पण निघाली माझ्यासाठीच."

"हो," थिओनी म्हणाली.

हवालदार वार्दिसला घेऊन गेला. मेलबर्नला असलेल्या मुलीला मानुसोसने पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, की तुझी आई माझ्यापायी कड्यावरून पडली. तेव्हापासून तिने फोन उचललेला नाही. तिला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.